उत्तर द्यावे, नाव छापू नये

जानेवारी १९३४. गिरगावातली एक चाळ, दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची शेवटची खोली. तुमचं वय २२, गाव दापोली तालुक्यात, नोकरी परळच्या एका गिरणीच्या हिशेबखात्यात. खोलीत तुमच्यासारखेच आणखी चार गाववाले. दोन्ही वेळचं जेवण खाणावळीत. पहाटे नळाला पाणी येताच तुम्ही सगळ्यांच्या आधी उठता आणि कालचं धोतर घाईघाईनं पिळून दांडीवर टाकता. एवढी घाई कशासाठी, ते बाकीच्या चौघांना ठाऊक आहे, कारण कधी ना कधी त्यांनीही ती केलेली आहे. तरी खोलीत यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

रात्री काय घडतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याचा अर्थ मात्र तुमच्यापर्यंत पोचलेला आहे तो गावच्या तालमीतून. रक्ताचे चाळीस थेंब आटतात तेव्हा एक थेंब तयार होतो, तो गेला की माणूस आतून पोखरला जातो, डोळे खोल जातात, स्मरणशक्ती जाते, शेवटी वेड लागतं. तुम्ही आरशात डोळे बघता. ते खोल गेलेले दिसतात. रात्रपाळीचे हिशेब आणि खाणावळीतलं पातळ वरण हेही कारण असू शकेल, पण ते तुमच्या मनात येत नाही.

वर्तमानपत्र उघडलं तर पहिल्या पानावर बिहारचा भूकंप. हजारो माणसं मेली आहेत, आणि हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं खुद्द गांधीजी म्हणताहेत. शेवटच्या पानावर जाहिराती: धातुपुष्टीच्या गोळ्या, तारुण्यातल्या चुकांवर रामबाण उपाय, व्ही.पी.नं गुप्तपणे पाठवू. गेल्या वर्षी तुम्ही एक बाटली मागवली होती. चव गुळाच्या पाण्यासारखी. फरक पडला नाही, तेव्हा दोष आपलाच मोठा असणार अशी तुमची खात्री झाली.

आणि आता लग्न ठरलंय. ज्येष्ठात. मुलगी चिपळूणकडची, १५ वर्षांची. सारडा कायदा लागू होऊन चार वर्षं होत आली, त्यात मुलीचं किमान वय १४, त्यामुळे मामा अभिमानानं सांगतात की आमचं सगळं कायदेशीर आहे. आजच्या वाचकाला इथं ठेच लागेल, लागायलाच हवी. पण या खोलीत, या अंगात शिरल्यावर तुम्हाला मुलीच्या वयाची काळजी नाही. काळजी स्वतःची आहे. आपण लग्नाला लायक उरलो आहोत का?

हे विचारायचं कुणाला? वडिलांना शक्यच नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे चाळीतल्या निम्म्या बायका बसलेल्या असतात. थोरल्या वहिनीशी थट्टा चालते, पण ती थट्टाच. खोलीतला बापू तेवढा जाणता समजला जातो, कारण तो एकदा कामाठीपुऱ्यात जाऊन आला आहे. त्याचं ज्ञान म्हणजे काय, तर परमा झाल्यावर डॉक्टरनं दिलेल्या पिचकाऱ्या आणि ६०६ च्या सुईची ऐकीव दहशत. ती सुई गरमीवर, म्हणजे सिफिलिसवर देतात. पेनिसिलिन या आजारांसाठी हाती यायला अजून दहाएक वर्षं आहेत. बापूच्या मते एकदा लघवीची जळजळ थांबली की रोग गेला. हे चूक आहे, आणि पुढल्या वर्षी त्याच्या बायकोला ते कळेल.

पण एक दिवस बापूच तुमच्या हातात 'नवाकाळ' ठेवतो. जरा जाड लागतो. आत दुसरंच काहीतरी घडी घालून ठेवलंय.

वरच्या पानावर बाईचं नग्न चित्र. तुम्ही दार लावून घेता. मासिकाचं नाव 'समाजस्वास्थ्य', संपादक र. धों. कर्वे. आत मात्र तुम्हाला वाटलं होतं तसं काहीच नाही. रुक्ष म्हणावा इतका सरळ मजकूर. संततिनियमन, गुप्तरोग, आहार, नग्नता, धर्माच्या नावावर चालणारी फसवणूक, आणि वाचकांचे प्रश्न. कर्व्यांना नग्नतेत अश्लील काही वाटत नाही आणि ते सिद्ध करायला ते दर महिन्याला मुखपृष्ठ खर्ची घालतात. मला विचाराल तर हा हट्ट त्यांना महागात पडला. चित्रामुळे अंक विकला गेला असेल, पण चित्रामुळेच तो 'नवाकाळ'च्या घडीत लपला. असो, तो माणूस सोयीस्कर तडजोडी करणारा नव्हता.

हे कर्वे कोण ते तुमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांचे, म्हणजे अण्णांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२. अण्णांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं होतं. आता तेच मुरूड अण्णांचं नाव अभिमानानं घेतं आणि मुलाचं नाव निघालं की विषय बदलतं. तुमचे मामा म्हणतात, "बापानं विधवांना शाळा काढून दिली. हा काय शिकवतोय? अण्णांचं नशीब, दुसरं काय."

रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. मॅट्रिकला पहिले आलेले, गणितासाठी पॅरिसला जाऊन आलेले. चौपाटीच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी त्यांचं केंद्र उघडलं, म्हणजे गिरगाव या बाबतीत लंडनच्या मागं नव्हतं. मिशनऱ्यांच्या कॉलेजाला हे झेपलं नाही. नोकरी की हे काम, अशी निवड आली आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. १५ जुलै १९२७ ला मासिक सुरू केलं. पत्नी मालतीबाई त्यांच्या बरोबरीनं या कामात. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलेलं नाही, ही गोष्ट चाळीला नग्न चित्रापेक्षा जास्त अश्लील वाटते.

त्यांच्याकडे मिळणारी साधनं तुम्हाला आज ओबडधोबड वाटतील. पुरुषासाठी रबरी पिशवी, धुऊन पावडर लावून पुन्हा वापरायची. बाईसाठी गर्भाशयाच्या मुखावर बसवायची रबरी टोपी, तिचं माप घ्यावं लागतं. विरघळणाऱ्या औषधी गोळ्या. सुरक्षित दिवसांचा हिशेब जपानच्या ओगिनोनं १९२४ मध्ये मांडला, तोवर जाणते डॉक्टरसुद्धा नेमके उलटे दिवस सांगत. टोपी सर्वांत भरवशाची, पण तिच्यासाठी बाईनं स्वतः यावं लागतं, कुणाला तरी तपासू द्यावं लागतं, आणि टोपी सासूच्या नजरेआड कुठंतरी ठेवावी लागते. दोन खणांच्या बिऱ्हाडात ही शेवटची अट सर्वांत अवघड.

तुम्ही पत्र लिहायचं ठरवता. कार्ड स्वस्त, पण कार्ड पोस्टमनपासून चाळीच्या भय्यापर्यंत सगळे वाचतात. म्हणून पाकीट. मजकूर तीनदा फाडता. पहिल्या मजकुरात 'माझा एक मित्र' असतो. दुसऱ्यात इतकं संस्कृत असतं की प्रश्न काय ते तुमचं तुम्हालाच उमगत नाही. शेवटी ऑफिसात शेठला लिहिता तसं लिहिता: वय, किती वर्षांपासून, आठवड्यातून किती वेळा, स्वप्नात आणि हातानं, दोन्ही. लग्न करावे काय? खाली ओळ: उत्तर द्यावे, नाव छापू नये.

अंक येतो. तुमचा प्रश्न आणि त्याखाली चार-पाच ओळींचं उत्तर. त्यात धीर दिलेला नाही, बाळ म्हटलेलं नाही, ब्रह्मचर्याचा उपदेश नाही. आशय एवढाच की यात रोग नाही, अपाय नाही, वेड लागत नाही, भीतीनं मात्र प्रकृती बिघडते. औषध नको, लग्नाला हरकत नाही. गणिताच्या मास्तरांनी उदाहरण सोडवून खाली रेघ मारावी, तसं. तुम्ही ते पुन्हा पुन्हा वाचता. आठ वर्षं जी शिक्षा तुम्ही भोगलीत, तिचा गुन्हाच नव्हता म्हणे. सुटका वाटायला हवी, पण आधी येतो तो राग: तालमीतल्या वस्तादांचा, बाटलीवाल्याचा, आणि ज्यांना हे माहीत असून बोलले नाहीत त्यांचा.

त्याच पानांवर इतरांचे प्रश्न असतात. कुणाला बाईबद्दल काही वाटतच नाही, पुरुषाबद्दल वाटतं, तर हा रोग आहे काय? तुम्ही चमकता. हे असं कुणी कागदावर लिहितं? कर्वे त्यालाही त्याच आवाजात उत्तर देतात.

फेब्रुवारीत बातमी येते: कर्व्यांवर पुन्हा खटला. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखासाठी शंभर रुपये दंड झाला होता. या वेळी लेख नाही, वाचकांना दिलेली उत्तरंच आरोपी आहेत: हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवर छापलेली. तुमच्या पोटात गोळा येतो. पाकीट जपून ठेवलं असेल का त्यांनी? त्यावर तुमचा पत्ता आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत खटला चालतो. तुम्ही साहेबाला खोटं कारण सांगून फोर्टात जाता, मागच्या बाकावर बसता. कर्वे उभे आहेत, ५२ वर्षांचे, कोर्टाकडे बघत. त्यांच्या बाजूनं उभे आहेत बॅरिस्टर आंबेडकर. गोलमेज परिषदा, पुणे करार, सगळं देशभर गाजून झालेलं. या माणसाकडे अशिलांची, सभांची, दिल्ली-लंडनची कामं पडली असताना त्यांनी हा खटला का घ्यावा, याची कुजबुज तुमच्या शेजारच्या बाकावर चाललीय. समाजकारण करणाऱ्यानं असल्या घाणीत हात घालू नये, असं एक उपरणंवाले गृहस्थ म्हणताहेत.

आंबेडकरांचा युक्तिवाद तुम्हाला वाटला होता त्याहून साधा आहे. लैंगिक विषयावर लिहिलं, एवढ्यानं लेखन अश्लील ठरत नाही. न्यायमूर्तींचा प्रश्न असा की असले विकृत प्रश्न छापावेतच कशाला, त्यांना उत्तर द्यावंच का? आंबेडकर तो प्रश्न टाळत नाहीत. विकृती असेलच, तर ती ज्ञानानंच जाईल, दुसरं काय तिला घालवणार? लोक विचारतात, तर जाणकारानं उत्तर देणं हेच त्याचं काम. समलिंगी आकर्षणाबद्दल ते हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार देतात: ज्यांना जन्मतःच तशी ओढ असते त्यांत गैर ते काय. त्या एलिसचंच पुस्तक विकल्याबद्दल १८९८ मध्ये लंडनच्या जॉर्ज बेडबरोवर खटला झाला होता. म्हणजे कोर्टात साक्षीला आणलेलं पुस्तकही आधी आरोपी होऊन आलेलं.

एक गोष्ट तुम्हाला मागच्या बाकावरून दिसते, ती पुढच्यांना दिसत नसावी. अश्लीलता मोजायची कसोटी इंग्लंडची, १८६८ सालच्या हिकलिन खटल्यातली. ज्यांची मनं अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांना हा मजकूर बिघडवील काय, असं ती विचारते. आता असं मन कुणाचं? अर्धशिक्षित, तरुण, एकटा, लग्नाच्या उंबरठ्यावरचा, चाळीत राहणारा. म्हणजे तुमचंच. हा सगळा सरंजाम, हे काळे डगले, तुम्हाला वाचवायला जमलाय. तुम्ही कोर्टात हजर आहात. तुम्ही उठून सांगू शकता की बिघडलो होतो तो आधी, वाचून सावरलो. पण तुम्हाला साक्षीला कुणी बोलावलेलं नाही, आणि खरं बोलायचं तर बोलावलं असतं तर तुम्ही मागल्या दारानं पळाला असता.

२३ एप्रिलला मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप होतो. परळ बंद. तुमचं हिशेबखातं रिकामं. त्या धामधुमीत निकाल लागतो. कर्वे दोषी. पुन्हा दंड. गिरगावात पेढे वाटल्याचं तुमच्या कानावर येत नाही, पण उपरणंवाले गृहस्थ खूश आहेत. पुढच्या महिन्याचा अंक निघतो. प्रश्नोत्तरं त्यात असतात.

ज्येष्ठात लग्न होतं. खोली बदलता, त्याच चाळीत, दोन खण. तुम्हाला तुमचं उत्तर मिळालेलं आहे, तेव्हा सगळं ठीक होईल असं तुम्ही धरून चालता. तिच्याकडे मात्र एकही उत्तर नाही. तिला आईनं एवढंच सांगितलंय की ते सांगतील तसं कर. पाळी चार वर्षांपूर्वी सुरू झाली तेव्हा तिला वाटलं होतं की आपण मरतोय. कोपऱ्यात बसवल्यावर ते पक्कंच झालं. कर्वे बाईच्या सुखाविषयी, तिच्या इच्छेविषयी छापतात, पण अंक वाचतात ते बहुतेक पुरुष, 'नवाकाळ'च्या घडीतून. ती मराठी चौथी शिकलेली, वाचता येतं. तरी अंक तिच्या हातात द्यायला तुम्हाला किती महिने लागतात! मुखपृष्ठ फाडून देता. ती विचारते, "अहो, पहिलं पान कुठं गेलं?"

पुढची वर्षं भराभर ओलांडू. डिसेंबर १९३५: मार्गारेट सँगर बाई अमेरिकेतून वर्ध्याला येतात, गांधीजींचं मन वळवायला. गांधीजी संयमावर ठाम राहतात, साधनांना नकार देतात. १० नोव्हेंबर १९३८: मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव येतो, भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं, मांडणारे आमदार रोहम. बाजूनं ११ मतं, विरुद्ध ५२. त्याच वर्षी पुण्यात शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची केंब्रिजमध्ये गणित शिकलेली मुलगी, बायकांसाठी केंद्र सुरू करतात. 'समाजस्वास्थ्य'त लिहिणाऱ्यांपैकीच त्या. तुमच्या बायकोनं तोवर दोन मुलं आणि एक गर्भपात पाहिलेला असतो. तिची पुण्याची मावसबहीण तिला तिकडे घेऊन जाते, तुम्हाला न सांगता. परत आल्यावर सांगते. तुम्ही रागावण्याच्या बेतात असता, पण कशावर रागवायचं ते आठवत नाही.

१९५२ मध्ये स्वतंत्र भारताचं सरकार कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू करतं, जगात सरकारी पातळीवरचा पहिला. ज्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गेली, ते आता पंचवार्षिक योजनेत खर्चाचं कलम झालेलं. फरक एवढा, की कर्व्यांना माणसानं सुखानं आणि न भिता जगावं म्हणून हे हवं होतं. सरकारला हवी होती लोकसंख्येची आकडेवारी. पुढं उद्दिष्टं आली, शिबिरं आली, आणीबाणीतली सक्ती आली, आणि सुख हा विषय कागदावरून उतरला तो उतरलाच.

१४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा. २६ वर्षांत मासिकानं पैसा असा कधी पाहिलाच नाही. त्यांच्या आयुष्यावर अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' हा चित्रपट केला, आणि खटल्यांवर अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठ्यांनी रंगभूमीवर आणलं. म्हणजे दखल घेतली गेली, नाही असं नाही.

आता एकदम २००७. चाळीच्या जागी इमारत आहे. तुमच्या नातवाची मुलगी नववीत. दोन वर्षांपूर्वी केंद्र सरकारनं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला आहे, एड्सचा प्रसार हे त्यामागचं तातडीचं कारण. महाराष्ट्राच्या विधानसभेत आमदार त्यातल्या चित्रांवर आक्षेप घेतात, पक्षभेद बाजूला ठेवून. कार्यक्रमावर बंदी येते. मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात या राज्यांतही तेच. कारण तुमच्या ओळखीचं आहे: कोवळी मनं बिघडतील. नववीतल्या कुणा मुलीला, तुला काय विचारायचं होतं, असं सभागृहात कुणी विचारत नाही. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयानं सोडली ती २०१४ मध्ये, आणि प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमाच्या कचाट्यातून सुटले २०१८ मध्ये. आंबेडकरांचा त्या वेळचा युक्तिवाद तोवर ८४ वर्षांचा झाला होता.

तुमच्या पणतीनं मात्र विधानसभेची वाट पाहिलेली नसते. मुंबईतल्या एका इंग्रजी दैनिकात २००५ पासून डॉ. महिंदर वत्स यांचं रोजचं सदर आहे, वय ऐंशीच्या पुढचं, भाषा खट्याळ. कर्वे आणि हे एकाच स्वभावाचे नव्हेत. कर्वे हसत नसत, हे चिमटे काढतात. ती ते शाळेच्या बसमध्ये मैत्रिणीच्या खांद्यावरून वाचते. ई-मेलनं प्रश्न येतात, नावं छापत नाहीत. त्यातले कितीतरी प्रश्न हाताच्या सवयीबद्दलचे, अशक्तपणाबद्दलचे, लग्न करावं की नाही याबद्दलचे. डॉक्टर लिहितात की काही बिघडत नाही. सदराविरुद्ध एका बाईंनी कोर्टात धाव घेतली. डॉक्टर २०२० च्या डिसेंबरात ९६ व्या वर्षी गेले, तोवर उत्तरं देत होते.